घरातला एकच शब्द

४ नोव्हेंबर

प्रिय भावास,

इतके दिवस पत्र नाही, याची माफी मागते. कारणं लिहायला घेतली होती. वाचून पाहिली तेव्हा त्या नुसत्या सबबी निघाल्या, म्हणून तो कागद फाडला. तुझं मागचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं होतं, ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. उत्तर राहिलं ते राहिलंच.

तुझा फोन नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर मला सहज खोटं बोलता येतं, असं मला आढळलं आहे. कागदावर खोडावं लागतं, आणि खोडलेलं दिसतं.

बातमी अशी की ऑगस्टमध्ये बाबांना झटका आला. सकाळी दाढी करताना. मी डबा भरत होते. आरसा पडल्याचा आवाज आला आणि मला आधी आरशाचाच राग आला, हे लिहून ठेवते. उजवी बाजू गेली. पाय थोडा परतला आहे, काठी धरून खोलीतल्या खोलीत चालतात. हात अजून नाही. जेवण भरवावं लागतं. डावा हात चालतो, पण चमच्यात घेतलेलं तोंडापर्यंत पोचत नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका येईलच असं नाही. येणार नाही, असंही ते म्हणत नाहीत. बाबांना समजतं बरंचसं. बोलतात थोडं. एखाद-दुसरा शब्द.

हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवू नकोस असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तसं सांगायची गरज या घरात केव्हाच संपली आहे.

दिवसभर मी शब्दकोशाच्या कामावर असते, तेव्हा घरी एक मावशी येतात. सांभाळायची कामं करणाऱ्या, जाडजूड आणि हजरजबाबी. बाबांना आजोबा म्हणतात, मला ताई. तू गेल्यावर मला ताई म्हणणारं घरात कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी हाक मारली तर मी वळून मागे पाहिलं.

कोश तोच, इंग्रजी-मराठी. मी लागले तेव्हा 'सी' चालू होतं, आता 'टी' आलं आहे. सध्या माझ्या वाट्याला टॅबू हा शब्द आहे. आमच्याकडे नोंदी जोडीने तपासतात. एकाने मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम-अर्धविरामासकट, आणि दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. डोळ्याला चुकलेलं कानाला सापडतं. माझे जोडीदार मिशीवाले. ऑफिसात सगळे त्यांना तेच म्हणतात, आणि फोन उचलला की तेही 'मिशीवाला बोलतोय' असंच सांगतात.

"बाई, निषिद्ध लिहा, वर्ज्य लिहा आणि सुटा," ते काल म्हणाले. "टॅबूवरच बसून राहिलात तर टॅक्सी कधी मिळायची?"

मला सुटता येत नाही. हा शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच. अठराव्या शतकात एक इंग्रज कप्तान जहाज घेऊन प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेला. तिथल्या काही मोठ्या माणसांना त्याने जेवायला बोलावलं. ती आली, पण बसेनात, आणि घासभरही खाईनात. का म्हणून विचारलं, तर हाच शब्द म्हणाली. कप्तानाने रोजनिशीत लिहिलं की या शब्दाचा अर्थ फार व्यापक आहे, पण ढोबळमानाने, मनाई असलेलं. त्या ढोबळमानानेच शब्द बोटीत चढला आणि इंग्लंडला उतरला.

ते जेवण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ताटं मांडलेली, पाहुणे समोर उभे, आणि कुणी बसत नाही. आपल्या टेबलाला अजून चारच खुर्च्या आहेत.

ताई


१३ नोव्हेंबर

प्रिय भावास,

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा एखाद-दुसरा शब्द बोलतात. हे चूक आहे. मला माहीत असून मी तसं लिहिलं, म्हणून दुरुस्त करते. ते एकच शब्द बोलतात.

तो शब्द तुझं नाव आहे. खरं नाव नव्हे, घरातलं. तू बोलायला लागलास आणि थांबेनास म्हणून त्यांनीच ठेवलेलं. राघू.

लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं आहे.

पाणी हवं असलं की राघू. पाठीखाली उशी टोचली की राघू. वर्तमानपत्र उलटं धरून वाचतात आणि मध्येच मान हलवून म्हणतात, राघू. मावशी अंघोळ घालताना पाणी गरम असलं तर चिडून राघू, आणि बेताचं असलं तर सुस्कारा सोडून तेच. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं होतं. कुणी ऐकेल म्हणून. ऐकणारं होतं कोण, तर सलाईन बदलणारी परिचारिका.

मावशींनी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं, "ताई, पिंजरा कुठाय?"

"कसला पिंजरा?"

"अहो, सकाळपासून आजोबांचा एकच धोशा. राघू, राघू. मला वाटलं पोपट पाळलाय, त्याला दाणे घालायचे राहिलेत. मी आपली गॅलरी बघून आले."

"होता पोपट," मी म्हटलं.

"मेला?"

"उडाला."

"अगंबाई. दार उघडं राहिलं असंल."

मी मान हलवली. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल घरात कुणीतरी मला प्रश्न विचारला, आणि मी उत्तर दिलं ते हे. त्या दिवसापासून मावशी बाबांना समजावतात, "येईल हो आजोबा, पाखरू संध्याकाळी घर ओळखतं." बाबा त्यांच्याकडे बघत राहतात. मी स्वयंपाकघरात जाते.

आता जे तुला माहीत आहे ते लिहिते. तुला सांगायला नव्हे. हे मी कधी कुणाशी बोललेले नाही, तेव्हा मला नीट सांगता येतं का, ते पाहायचं आहे. आईच्या आजाराचं नाव घरात घ्यायचं नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. औषधांचं दुकान त्यांचंच. बाटल्यांवरची लेबलं ते गरम पाण्यात भिजवून सोडवायचे आणि त्या जागी आपल्या वळणदार अक्षरात 'सकाळ' आणि 'रात्र' असं लिहून डकवायचे. आईने तुला विचारलं. तू सांगितलंस. त्यानंतर ती दोन महिने होती. ते दोन महिने तू तिच्याकडून हिसकावून घेतलेस, असं बाबा म्हणाले. तेवढेच काय ते तिचे स्वतःचे होते, असं तू म्हणालास. ती गेली, मग तू गेलास. बाबांनी दाराचं कुलूप बदललं. नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या आल्या, एक त्यांची आणि एक माझी. त्यांची आता मावशींकडे असते.

मग तुझं नाव बंद झालं. त्यात आरडाओरडा काही नव्हता. कुणी त्या विषयाच्या आसपास आलं की बाबा चमच्याने टेबलावर दोनदा ठकठक करायचे. दुकानात पोरं गप्पा मारायला लागली की काउंटरवर कात्रीने करायचे ना, अगदी तसं. आत्या एकदा म्हणाली, "तो बिचारा तिकडे एकटा—" ठक ठक. आत्याने घास गिळला आणि मीठ मागितलं. मला आठवतं, मीठ तिच्या समोरच होतं.

असा बंद केलेला शब्द आता सकाळपासून रात्रीपर्यंत घरभर वाजतो. मी दिवसभर शब्दांच्या ढिगात बसते आणि संध्याकाळी या एका शब्दापाशी येते. बाबा म्हणतात, राघू. मी म्हणते, हो, पाणी देते. दुसरं कुणी काही बोलत नाही. परवा मी भांडी घासताना एक संपूर्ण वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, आवाज नीट निघतो का ते बघायला.

वाचाबाई येतात दर आठवड्याला. बोलणं शिकवणाऱ्या, मी मनात त्यांना हे नाव ठेवलं आहे. त्या कपाचं, खुर्चीचं, किल्लीचं चित्र दाखवतात, बाबा प्रत्येकाला राघू म्हणतात. मी त्यांना विचारलं, हाच शब्द का?

"झटक्यानंतर काहींच्या तोंडात एखादा शब्द अडकून बसतो," त्या म्हणाल्या. "तोच का, ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे एक आजोबा होते, ते फक्त 'मंगळवार' म्हणायचे. बायकोला मंगळवार, जावयाला मंगळवार. म्हणून त्यांना मंगळवारी काही हवं होतं, असं नाही. त्यात अर्थ शोधू नका ताई, दमून जाल."

म्हणून मी तुला 'बाबा तुझी आठवण काढतात' असं लिहिलं नाही. लिहिण्याजोगं असतं तर पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. असं मला वाटतं.

ताई


२८ नोव्हेंबर

प्रिय भावास,

तुझं पत्र आलं. एवढं लहान पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस. 'बाबा मला बोलावतायत का? हो किंवा नाही, एवढंच लिही. हो असेल तर मी लगेच निघतो. नाही असेल तर येणार नाही, आणि राग धरणार नाही. मावशींना सांग, पोपट बरा आहे.' शेवटचं वाक्य वाचून मी ऑफिसात हसले. मिशीवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चला, टॅबू सुटला वाटतं," म्हणाले.

त्याच दिवशी मी एका कार्डावर 'हो' लिहिलं. ते पर्समध्ये ठेवून टपालपेटीपर्यंत गेले. पेटीसमोर उभी राहिले, तर मागे एक गृहस्थ येऊन थांबले, आणि मी त्यांना पुढे जाऊ दिलं. मग परत आले. कार्ड पर्समध्येच आहे. 'हो' लिहिलं तर तू येशील, हे मला माहीत आहे. पण दारात उभा राहिलास, आणि त्यांनी तुझ्याकडे पाहून मान फिरवली, तर? त्यांच्या तोंडी तुझं नाव असेल आणि तोंड भिंतीकडे. तुला तेही सोसावं लागेल, आणि माझ्या एका शब्दामुळे.

'नाही'ही लिहिता येत नाही. तेही माझ्याजवळ पुराव्याने सिद्ध नाही.

आमच्याकडे नियम आहे. शब्दाचा अर्थ आधी डोक्यात ठरवून मग उदाहरण शोधायचं नाही. शब्द कुठे, कुणी, कशाजवळ वापरला ते आधी गोळा करायचं, अर्थ त्यातून निघाला तर लिहायचा, नाहीतर प्रश्नचिन्ह घालून सोडायचं. टॅबूवर मी तेच करते आहे. मूळ शब्द बेटांवरच्या भाषांत थोडा वेगळा वाजतो, तापूसारखा. तो फोडून 'ठळक खूण केलेलं' असा अर्थ काहीजण काढतात. ते नक्की नाही, मी तिथे प्रश्नचिन्ह घातलं आहे. पण वापर पाहिला की एक गोष्ट दिसते. सरदाराचं मस्तक तापू आणि प्रेतही तापू. ज्याच्यापुढे वाकायचं ते, आणि ज्याला घाबरायचं ते, दोन्हींना एकच शब्द. इंग्रजीने त्यातली मनाई तेवढी घेतली. आदर बंदरावरच राहिला.

आणखी एक वाचलं. मोठ्या माणसाचं प्रेत ज्याने हाताळलं, त्याला काही महिने अन्नाला हात लावायची मनाई. दुसऱ्याने भरवायचं. मग केव्हातरी ती मनाई उठायची, आणि माणूस पुन्हा चारचौघांसारखा व्हायचा. त्या समुद्रातल्या काही भाषांत त्या मोकळं होण्यालाही शब्द आहे, नोआ. म्हणजे साधं, रोजचं, हात लावायला हरकत नसलेलं. इंग्रजीने तो शब्द उचलला नाही. मनाईचा नेला आणि मनाई उठल्याचा तिथेच ठेवला.

मी हे टेबलावर वाचून दाखवलं. मिशीवाले बोट ठेवायचं विसरले.

"म्हणजे कुलूप आणलं, किल्ली विसरले," ते म्हणाले.

"तसं लिहिता येणार नाही कोशात."

"कोशात कोण सांगतंय? तुम्हाला सांगतोय." मग थोड्या वेळाने, "घरी बरं आहे ना सगळं?"

मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "पुढे वाचा. स्वल्पविराम."

संपादकांकडे मी अर्थ असा दिला: 'ज्याला शिवायचं नाही असं, ते भयंकर आहे म्हणून, किंवा फार मोलाचं आहे म्हणून, दोहोंपैकी काय, हे मनाई करणाऱ्यालाही सांगता येईलच असं नाही.' त्यांनी शेवटचा तुकडा लाल शाईने कापला. बाजूला लिहिलं, 'आधार?'

योग्य प्रश्न आहे. बाबांच्या शब्दाचाही मी एकच भाग तपासला आहे. तो शब्द त्यांनी कशाकशाला वापरला ते माझ्याजवळ भरपूर आहे. पण त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणी तो वापरला तर काय होतं, ते नाही. मावशी म्हणतात ते पोपटाबद्दल. मी तुझ्याबद्दल म्हणायला हवं. या घरात मी अजून म्हटलेलं नाही. लिहिलं आहे, म्हटलेलं नाही.

रविवारी मावशी नसतात. रविवारी म्हणेन.

ताई


१ डिसेंबर

प्रिय राघू,

म्हटलं.

दुपारी जेवताना. बाबांना टेबलाशी बसवलं, गळ्याशी रुमाल बांधला, भात कालवून भरवत होते. डाव्या हातात त्यांना नुसता चमचा देते, हाताला वळण राहावं म्हणून. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, राघू. मी पाणी पाजलं. तोंड पुसलं. मग म्हटलं, "बाबा, राघूचं पत्र आलंय."

ते थांबले. तोंडात घास तसाच. मग डावा हात उचलला आणि चमच्याने टेबलावर दोनदा. ठक ठक.

इतका स्पष्ट आवाज, राघू, जणू काही झालेलंच नाही. सगळं गेलं, ते राहिलं. आणि त्याच दमात, घास गिळून, माझ्या डोळ्यांत बघून ते म्हणाले, "राघू."

मी चमचा काढून घेतला. "राघू विचारतोय, येऊ का म्हणून." त्यांनी बोटाने ठकठक केलं. "राघू," ते म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने, आणि पुन्हा बोट. मग त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं ते हाताला ओळखत नाहीत. किंवा ओळखतात.

मी तो हात माझ्या हातात धरला. घट्ट नाही. माझ्या तळहातात दोन टिचक्या बसल्या. मी सोडला नाही. थोड्या वेळाने आणखी दोन, हलक्या. मग हात नुसता राहिला. भात गार झाला होता. तो मी पुन्हा गरम केला आणि उरलेला भरवला. त्यांनी सगळा खाल्ला, हेही लिहून ठेवते, पण यातून काही निघतं असं माझं म्हणणं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बाबा तुला बोलावतायत का, हे मला माहीत नाही. तोंडाने तुझं नाव घेतात आणि हाताने ते बंद करतात. दोन्ही मी पाहिलं. तोंड खरं म्हणून हात खोटा ठरवणं, किंवा उलट, मला जमणार नाही. तू हो किंवा नाही मागितलं होतंस. प्रश्नचिन्ह देते. तू आलास आणि त्यांनी मान फिरवली, तर मी तुला आधी सांगितलं नाही असं होऊ नये.

हे लिहून झाल्यावर पत्र बंद करणार होते. पाकिटावर पत्ताही घातला. मग तिन्ही पत्रांत मी तुला काय काय लिहिलं ते आठवत बसले. बाबांना काय हवं असेल, तुला काय सोसावं लागेल, शब्दाचा अर्थ काय, हे सगळं आहे. मला काय हवं आहे, ते कुठेच नाही. तूही विचारलं नाहीस, त्यात तुझी चूक नाही. या घरात ते विचारायची रीत नव्हती, आणि मीही कधी आपणहून सांगितलं नाही. मी चांगली मुलगी होते. ठकठक झाली की मीठ मागणारी.

बाबा बोलावतात की नाही, माहीत नाही. मी बोलावते आहे. त्याला आधार लागत नाही. माझ्यासाठी ये. मला घरात कुणाशी तरी बोलायचं आहे. तू पूर्वीसारखा बोलत सुटलास आणि मला मध्ये शिरायला जागा मिळाली नाही, तरी चालेल.

त्यांनी मान फिरवली तर आपण दोघं स्वयंपाकघरात बसू. तिथून त्यांना आपलं बोलणं ऐकू जातं. आणि तिथे बोटाची ठकठक पोचत नाही.

मावशींना उद्या खरं सांगेन. त्यांना पोपट फार आवडला होता, हिरमोड होईल.

पर्समधलं कार्ड काढलं. त्यावरचा 'हो' माझ्याच अक्षरात होता, तेव्हा तो खोडला नाही. याच पाकिटात घालते. तो बाबांचा समजू नकोस.

ताई

उद्या : किल्लीवाल्याकडून दाराची तिसरी किल्ली करून घेणे.